शिकवणारीने रुग्ण सोडायचा नाही

माझी मावशी अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरच्या विद्यार्थ्यांना शिकवते. तिकडे जाण्याआधी ती माझ्यासारखीच सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका होती. यंदा ती सांगलीला आली, तेव्हा मी नाइट संपवून, ओव्हर देऊन थेट तिच्याकडे गेले. नऊ वर्षं अतिदक्षता विभागात काढल्यावर आता शिकवण्याकडे वळावं का, हा प्रश्न माझ्या डोक्यात होता. आमचं बोलणं आठवतं तसं लिहून काढलं आहे.

मी : मावशी, आधी मुळातलं सांग. घरात सगळे तुला ‘जवळजवळ डॉक्टर’ म्हणतात.

मावशी : ते मला खटकतं. मी नर्स आहे, पूर्ण नर्स. नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे नर्सिंगच्या पदवीनंतर किमान मास्टर्स केलेली, राष्ट्रीय परीक्षा पास झालेली नर्स. ती रुग्ण तपासते, निदान करते, तपासण्या सांगते, औषधं लिहून देते. निम्म्याहून अधिक राज्यांत तिला यासाठी डॉक्टरची सही लागत नाही. उरलेल्या राज्यांत कुठे करार लागतो, कुठे देखरेख. अशा चार लाखांहून अधिक जणी आणि जण आहेत तिथे.

मी : हे सुरू कुणी केलं? डॉक्टरांनी?

मावशी : एका शिक्षिकेने. लॉरेटा फोर्ड तिचं नाव. कोलोरॅडोत बोल्डर भागात ती सार्वजनिक आरोग्य परिचारिका होती. गावोगावच्या शाळांत, घरांत जायची. बालरोगतज्ज्ञ दूर, मुलं आजारी, आणि समोर उभी फक्त नर्स. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राची एएनएम डोळ्यांसमोर आण, म्हणजे कळेल. ती नर्स मूल बघून ठरवत होतीच, की याला घरी ठेवलं तर चालेल, याला आजच शहरात न्यायला हवं. पण त्या ठरवण्याला ना शिक्षण होतं, ना नाव. फोर्ड पुढे कोलोरॅडो विद्यापीठात शिकवायला लागली आणि १९६५ मध्ये डॉ. हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाबरोबर तिने पहिला अभ्यासक्रम उभा केला.

मी : डॉक्टर लोक चिडले असतील.

मावशी : काही चिडलेही. पण विरोध नर्सिंगच्या प्राध्यापकांकडूनही झाला. त्यांचं म्हणणं, ही नर्सिंग सोडून डॉक्टरकीच्या मागे लागली. मी विद्यार्थ्यांना हे मुद्दाम सांगते. नव्या कामाला अडवणारे बाहेरचे असतात, तसे आपल्याच स्टाफरूममधले असतात, आणि त्यांची मनं वळवणं जास्त कठीण. फोर्डने ते वर्षानुवर्षं केलं. २०२५च्या जानेवारीत ती गेली, १०४ वर्षांची होऊन.

मी : मग तिने मोठं काय केलं म्हणशील? तो अभ्यासक्रम?

मावशी : तो तर आहेच. पण मला तिचं दुसरं काम जास्त मोठं वाटतं. १९७२ मध्ये ती रॉचेस्टर विद्यापीठाच्या नर्सिंग विद्यालयाची पहिली डीन झाली. तिने डीनची आणि तिथल्या रुग्णालयाच्या नर्सिंगप्रमुखाची, अशा दोन्ही जबाबदाऱ्या घेतल्या. म्हणजे प्राचार्या आणि अधिसेविका एकच बाई. शिकवणं, रुग्णसेवा आणि संशोधन एका छपराखाली आणायचं, ही तिची मांडणी. आता तू सांग, तुमच्याकडे मेट्रन आणि कॉलेजची प्राचार्या महिन्यातून किती वेळा बोलतात?

मी : विद्यार्थिनींच्या ड्युटीचं वेळापत्रक येतं तेव्हा. नाहीतर तक्रार आली तर.

मावशी : बघ. वॉर्डमध्ये एक पद्धत, वर्गात दुसरी, आणि मुलगी दोन्हींच्या मधे. पाठ्यनिर्देशिका पुस्तकातली पद्धत सांगते, परिसेविका म्हणते, इथे असं चालत नाही. दोघीही आपापल्या जागी बरोबर असतात. फक्त एकीने वॉर्ड सोडून पंधरा वर्षं झालेली असतात आणि दुसरीला शिकवायला कुणी वेळ दिलेला नसतो.

मी : तुमच्याकडे हे होत नाही?

मावशी : होऊ नये म्हणून नियम आहे. नर्स प्रॅक्टिशनर घडवणाऱ्या शिक्षिकेने स्वतः प्रॅक्टिस चालू ठेवायची. माझं प्रमाणपत्र दर पाच वर्षांनी नव्याने करावं लागतं. माझ्या संस्थेच्या नियमाप्रमाणे काम दाखवून ते करायचं, तर त्या पाच वर्षांत किमान एक हजार तास रुग्णसेवेचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून दर बुधवारी मी क्लिनिकमध्ये असते. मधुमेह, रक्तदाब, खोकला, पाठदुखी, एकटं राहणारी म्हातारी माणसं. गुरुवारी वर्गात उभी राहते तेव्हा कालचा रुग्ण माझ्या डोक्यात असतो, त्याचं नाव-गाव न सांगता तोच मी फळ्यावर मांडते. मुलांना लगेच कळतं, बाई पुस्तकातून बोलतेय की तपासून आलीय.

मी : पगार चांगला असेल मग. दोन-दोन कामं.

मावशी : इथेच सगळं अडतं. २०२३च्या सरकारी आकडेवारीत नर्स प्रॅक्टिशनरचा मध्यम वार्षिक पगार सव्वा लाख डॉलरच्या पुढे आहे. तीच बाई पूर्णवेळ शिकवायला आली, तर बहुतेक ठिकाणी तिला त्यापेक्षा कमी मिळतं. घराचे हप्ते, स्वतःच्या शिक्षणाचं कर्ज, मुलांची कॉलेजं. मी कुणाला दोष देत नाही. पण त्यामुळे होतं काय, की उत्तम तपासणाऱ्या तपासत राहतात आणि शिकवायच्या जागा रिकाम्या राहतात. केंद्र सरकारची एक कर्जयोजना आहे. शिक्षिका होण्यासाठी पदव्युत्तर शिक्षण घ्या, नंतर चार वर्षं पूर्णवेळ शिकवा, कर्जाचा ८५ टक्क्यांपर्यंतचा भाग माफ. चांगली योजना आहे. तेवढ्याने भागत नाही.

मी : आणि पायऱ्या? आपल्याकडे ट्यूटर, असिस्टंट प्रोफेसर, असोसिएट, प्रोफेसर, उपप्राचार्य, प्राचार्य.

मावशी : नावं साधारण तीच. पण आत एक फाटा आहे, तो आधी समजून घे. डॉक्टरेट दोन तऱ्हेच्या. पीएचडी संशोधनाची, आणि डीएनपी, म्हणजे डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस, प्रत्यक्ष रुग्णसेवा सुधारण्याची. नर्सिंग महाविद्यालयांच्या राष्ट्रीय संघटनेने २००४ मध्ये ठरवलं, की २०१५ पर्यंत नर्स प्रॅक्टिशनरसारख्या सगळ्या प्रगत भूमिकांसाठी डीएनपी हवी. २०१५ आलं आणि गेलं, मास्टर्सचे वर्ग चालूच राहिले. २०१८ मध्ये नर्स प्रॅक्टिशनर शिक्षकांच्या संघटनेने २०२५ हे नवं वर्ष धरलं. अजूनही मास्टर्सवर परवाना मिळतो. मला विचारशील तर पाट्या बदलण्यात आम्ही फार शक्ती घालवली.

मी : शिक्षकांची वेगळी संघटना आहे?

मावशी : १९८० पासून. नॅशनल ऑर्गनायझेशन ऑफ नर्स प्रॅक्टिशनर फॅकल्टीज. नर्स प्रॅक्टिशनरला बाहेर पडताना काय काय आलंच पाहिजे, हे या शिक्षकांनी १९९० मध्ये लिहून काढलं आणि पुढे पुन्हा पुन्हा सुधारलं. प्रत्येक कॉलेज आपापल्या मनाने शिकवत राहिलं असतं तर परवाना देणाऱ्याने विश्वास कशावर ठेवायचा? माझ्या मते नेतृत्व म्हणतात ते हे. चाळीस कॉलेजांच्या बायकांना एका टेबलाशी बसवून ‘छाती तपासता येणं’ म्हणजे नेमकं काय, यावर एकमत घडवायचं.

मी : त्या फाट्याचं राहिलं.

मावशी : हो. बऱ्याच विद्यापीठांत कायमच्या, टेन्युअरच्या जागेसाठी पीएचडी आणि संशोधन लागतं. डीएनपी झालेलीला क्लिनिकल ट्रॅक मिळतो. करार ठरावीक वर्षांचा, आणि महत्त्वाच्या समित्यांत काही ठिकाणी मतही नाही. म्हणजे जी रुग्णाच्या सगळ्यात जवळ, तिचा आवाज विद्यापीठात सगळ्यात लहान. मी स्वतः याच ट्रॅकवर आहे. हे बदललं पाहिजे, आणि ते आतूनच बदलावं लागणार.

मी : तू अभ्यासक्रमाची प्रमुखही होतीस ना?

मावशी : सहा वर्षं. त्यातला अर्धा जीव प्रिसेप्टर शोधण्यात गेला. प्रिसेप्टर म्हणजे जिच्या क्लिनिकमध्ये विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्ण तपासायला शिकतो ती नर्स प्रॅक्टिशनर किंवा डॉक्टर. पूर्वी किमान ५०० तास थेट रुग्णसेवेचे लागायचे. २०२२च्या नव्या मानकांत ते ७५० झाले. बरोबरच झालं. पण तास वाढले तशा शिकवणाऱ्या जागा वाढल्या नाहीत. प्रिसेप्टरला बहुधा मानधन नसतं, आणि विद्यार्थी सोबत असला की तिचे रुग्ण मागे पडतात. जॉर्जिया, मेरीलँड, हवाई अशा काही राज्यांनी त्यांना करात सवलत दिली. बाकी ठिकाणी फोन उचलायचा आणि विनवायचं. मी विनवलं आहे. एकेका विद्यार्थ्यासाठी वीस-वीस फोन.

मी : आणि उरलेला अर्धा जीव?

मावशी : एका मुलीत गेला म्हण ना. लेखी परीक्षेत पहिली. बोलण्यात चटपटीत. क्लिनिकमध्ये मधुमेहाचा एक वयस्क माणूस आला, तिने सगळं विचारलं, साखरेचे आकडे तोंडपाठ सांगितले, गोळ्यांचा बदल अचूक सुचवला. मोजे काढायला सांगितले नाहीत. मी काढले. अंगठ्याखाली जखम होती, आणि त्याला स्वतःलाही ती ठाऊक नव्हती, कारण पायाची संवेदनाच गेलेली. एकदा झालं असतं तर शिकवून सोडून दिलं असतं. पण तिसऱ्यांदा ती रुग्णाला हात न लावता निदानाकडे पळाली होती. मी तिला त्या सत्रात नापास केलं.

मी : गोंधळ झाला असेल.

मावशी : झाला. वरून विचारणा झाली, निकालाचे आकडे खराब होतात, पुन्हा विचार करा. तेव्हा माझ्याजवळ काय होतं? प्रत्येक भेटीची तारखेनिशी लिहिलेली नोंद, आणि प्रिसेप्टरचीही तीच नोंद. मी कागद ठेवला आणि म्हटलं, हिच्याकडे तुमची आई पाठवाल का? निर्णय टिकला. मुलगी रडली, थांबली, सहा महिने जास्त शिकली, पास झाली. आज ती पाय बघते.

मी : मावशी, आपल्याकडे यातलं काय आहे?

मावशी : ते तू मला सांगायला हवंस! बरं, मला ठाऊक आहे तेवढं सांगते. भारतीय परिचर्या परिषदेने २०१६च्या सुमारास अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. तुझ्यासारखीसाठीच. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनर हा संवर्ग असावा असं लिहिलं आहे. २०१८ मध्ये मिडवाइफरीची मार्गदर्शक तत्त्वं आली, अठरा महिन्यांचं नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफचं शिक्षण आलं. त्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे आधी शिकवणाऱ्या तयार करायच्या, मग शिकणाऱ्या, हा क्रम त्यांनी धरला. २०२३ मध्ये नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा झाला.

मी : पण आमच्या ओळखीतली एक जण तो अतिदक्षतेचा कोर्स करून आली, आणि पुन्हा साधी अधिपरिचारिका म्हणूनच वॉर्डात उभी राहिली. तिच्यासाठी पदच नव्हतं. औषध लिहायचा अधिकार तर दूरच.

मावशी : म्हणून म्हणते, फक्त कोर्स काढून भागत नाही. पद हवं, कायद्यात अधिकार हवा, आणि तिसरं, ज्याबद्दल कुणी बोलत नाही, तिला शिकवणारी हवी जी स्वतः ते काम करते. आज कॉलेजात जी शिकवते तिला व्हेंटिलेटरजवळ कुणी उभं करत नाही, आणि तू जी रोज व्हेंटिलेटर सांभाळतेस, तुला वर्गात कुणी बोलवत नाही. दोन्हीकडे हजेरी असलेलं एक पद काढलं तर? चार दिवस वॉर्ड, दोन दिवस कॉलेज, पगार एका ठिकाणाहून. मेट्रन आणि प्राचार्यांनी मिळून एक अर्ज करायचा. फोर्डने तरी याहून वेगळं काय केलं होतं?

मी : असा अर्ज मंजूर कोण करणार?

मावशी : पहिला नाकारतील. तारीख घालून प्रत ठेव. दुसरा लिही. आणि एमएस्सी करायची असेल तर जरूर कर, पण ती घेतल्यावर वॉर्ड सोडू नकोस. कुणी बढती म्हणून सोडायला सांगितलं तरी नको.

मी : तू अजून आठवडाभर राहा ना. अर्जाचा मसुदा दोघी मिळून लिहू.

मावशी : मसुदा आज रात्रीच लिहू, तुझी झोप झाली की. माझं विमान रविवारी आहे. बुधवारी क्लिनिकमध्ये सोळा रुग्णांना वेळ दिलेली आहे.