सांचलेलें पाणी आपोआप उपसणारें यंत्र

कंधारच्या भुईकोट किल्ल्याभोंवतालचा खंदक आणि गांवालगतचा जगत्तुंग सागर पाहिला म्हणजे एक विचार सहज मनांत येतो कीं, आपल्या पूर्वजांनीं पाणी अडवून धरण्याची विद्या किती मन लावून साधली होती! ज्या मुलखांत पावसाचा भरंवसा नाहीं, तेथें ती विद्या साधणें प्राप्तच होतें. परंतु पाणी अडविणें ही जशी एक विद्या आहे, तशीच नको तेथें शिरलेलें पाणी वेळेवर बाहेर घालविणें ही दुसरी विद्या आहे. आणि ती पहिलीहून सोपी आहे, असें मात्र कोणीं समजूं नये.

विद्यार्थिमित्रहो, पावसाळ्यांत झड लागली म्हणजे जुन्या वाड्यांच्या तळघरांत पाणी पाझरूं लागतें. तेथें धान्याचीं पोतीं असतात, घरच्या जुन्या वह्या व कागदपत्रें असतात. घरांतील माणसें दिवसभर बादल्यांनीं पाणी उपसतात, रात्रीं दमून झोपीं जातात, आणि पहांटे उठून पाहावें तों पाणी पुनः पहिल्या जागीं! पाणी झोपत नाहीं आणि माणसाला झोप आंवरत नाहीं, ही यांतली खरी अडचण आहे. अलीकडे कित्येक घरांत व दुकानांत धुळीबरोबर पाणीहि ओढून घेणारा व्हॅक्युम क्लीनर आलेला आहे. त्यानें फरशीवरचें पाणी झटकन निघतें खरें. परंतु त्याचें पिंप ६० लिटरांचें आणि पाणी मिनिटास ३० लिटर येत असेल, तर दोन मिनिटांत तें भरतें. मग ६० किलो वजनाचें तें पिंप ओढीत नेऊन रिकामें कोणीं करावयाचें? तें आपलें आपणच रिकामें होईल काय? होईल, परंतु तत्पूर्वीं तें यंत्र काम कसें करतें हें नीट समजलें पाहिजे.

यंत्र पाणी ओढतें असें आपण म्हणतों. पण वास्तविक पाणी कोणी ओढीत नाहीं, तें ढकललें जातें. यंत्राचा पंखा पिंपांतील हवा बाहेर फेंकतो. आंतील दाब कमी होतो. आणि बाहेरच्या हवेचा दाब फरशीवरील पाण्यास नळींतून आंत लोटतो. इटलींतील टॉरिचेल्ली या शास्त्रज्ञानें १६४३ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीचा प्रयोग करून हवेस वजन व दाब असल्याचें दाखवून दिलें. समुद्रसपाटीवर हा दाब सुमारें १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरतो. त्याहून वर कोणतेंहि यंत्र शोषणानें पाणी चढवूं शकत नाहीं. आपल्या शेतकऱ्यांस हें पुस्तकावांचून ठाऊक आहे. विहिरीचें पाणी खोल गेलें कीं कांठावरचें इंजिन नुसतेंच धडधडतें, पाणी कांहीं येत नाहीं. मग पंप विहिरींत खालीं उतरवावा लागतो. घरगुती व्हॅक्युम क्लीनरची शक्ति तर याहून पुष्कळच कमी. ती साधारणपणें दीड ते अडीच मीटर उंचीच्या पाण्याइतकी असते.

आतां कोणी म्हणेल, पिंपाच्या तळाशीं एक तोटी बसवावी आणि ती उघडी ठेवावी, म्हणजे झालें. हा विचार प्रथम सर्वांनाच सुचतो, आणि प्रथम सर्वच फसतात. यंत्र चालूं असतां पिंपांतील दाब बाहेरच्यापेक्षां कमी असतो. म्हणून तोटी उघडतांच पाणी बाहेर न येतां उलट बाहेरची हवाच आंत घुसते, आणि फरशीवरील पाणी उचललें जाईनासें होतें. पाण्यास बाहेर जाण्यास दार तर पाहिजे, पण त्या दारानें हवा आंत येतां कामा नये, असा हा पेंच आहे. तो सोडविण्याच्या दोन रीति आहेत.

पहिली रीत लोलत्या झडपेची. पिंप उंच ओट्यावर ठेवून त्याच्या तळास रबराची, बाहेरच्या बाजूस उघडणारी झडप बसवावी. तिचें क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर आहे, व यंत्राचें शोषण दीड मीटर पाण्याइतकें आहे असें माना. तेव्हां बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरास ०.१५ किलो या मानानें, म्हणजे एकंदर ३ किलो जोरानें झडपेस आंत दाबील. पिंपांत पाण्याची खोली ५० सेंटिमीटर असेल, तर तें पाणी झडपेस बाहेर लोटील तें केवळ १ किलो जोरानें. तीन आणि एक यांच्या झुंजींत तीनच जिंकणार! झडप घट्ट मिटलेली राहते. परंतु यंत्र थांबलें कीं ते ३ किलो नाहींसे होतात, उरलेला १ किलो झडप उघडतो, आणि सर्व पाणी आपोआप वाहून जातें. या रीतींत यंत्र थोडथोड्या वेळानें थांबवून पुनः सुरूं करणारी कळ मात्र हवी.

दुसरी रीत पिंपांतच एक लहान पाणबुडी पंप ठेवण्याची. यांत शोषण थांबवावें लागत नाहीं. एकीकडून पाणी येत असतां दुसरीकडून तें बाहेर जातें. पण येथेंहि एक फसगत ठरलेली आहे. कूलरमधला लहान पंप स्वस्त मिळतो म्हणून पुष्कळजण तोच आंत ठेवूं पाहतात. तो पंप पाणी चढवितो फार तर दीड-दोन मीटर. पिंपांतील शोषणच दीड मीटर पाण्याइतकें असल्यामुळें त्याची जवळजवळ सारी शक्ति त्या शोषणाशीं झगडण्यांतच खर्चीं पडते. पाणी पिंपापासून दोन मीटर उंच चढवावयाचें असेल, तर दीड आणि दोन मिळून साडेतीन मीटरांचें काम झालें. शिवाय नळींतील घर्षण निराळेंच. म्हणून निदान सहा मीटर चढविणारा पंप घ्यावा. त्याच्या बाहेर जाणाऱ्या नळींत एकाच दिशेनें उघडणारा व्हॉल्व्ह असावा. नाहीं तर पंप थांबतांच बाहेरची हवा त्याच नळींतून आंत शिरेल. विहिरींतल्या फुटव्हॉल्व्हचेंच हें भावंड समजा. पंपाची तार ज्या छिद्रांतून आंत जाते, तें छिद्रहि रबरी बुचानें हवाबंद केलें पाहिजे, आणि पाणी प्रथम जाळींतून गाळून यावें. कारण एक चिंधी किंवा चार काड्या एवढ्यानेंहि पंप अडतो.

आतां राहिला प्रश्न पहारेकऱ्याचा. पाणी किती झालें हें पाहणार कोण? हें काम तरंगत्या गोळ्याचें. बाजारांत त्यास फ्लोट स्विच म्हणतात. पाणी चढलें कीं गोळा चढतो व वीज जोडतो. पाणी उतरलें कीं गोळा उतरतो व वीज तोडतो. मात्र जोडण्याची व तोडण्याची पातळी एकच असूं नये. ती एकच असली तर पाण्याच्या प्रत्येक लाटेसरशीं पंप सुरूं होईल आणि बंद होईल, व थोड्याच काळांत जळेल. ४० लिटरांस सुरूं आणि १० लिटरांस बंद, असें अंतर ठेवावें. पाणी मिनिटास ३० लिटर येतें व पंप मिनिटास ६० लिटर फेंकतो असें धरल्यास, मधले ३० लिटर भरण्यास एक मिनिट आणि उपसण्यास एक मिनिट लागतें. उपसतांना साठांतून तीस कां वजा करावे लागतात, हें विद्यार्थ्यांनीं स्वतः विचार करून पाहावें. तळाशीं दहा लिटर राखण्याचें कारण असें कीं, पाण्यांत बुडालेला पंप त्या पाण्यानेंच थंड राहतो. कोरडा चालला तर तापून बिघडतो.

पाण्याकडूनच पाण्यावर पहारा करविण्याची ही युक्ति लहान पिंपापुरतीच आहे असें नाहीं. पुण्याजवळ खडकवासला येथें मुठा नदीवर बांधलेल्या तलावास १९०३ मध्यें सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या कल्पनेचीं स्वयंचलित दारें बसविण्यांत आलीं. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर जातांच तीं आपण होऊन उघडत आणि पूर ओसरतांच मिटत. त्यामुळें बांधास धोका न पोंचतां अधिक पाणी सांठवितां येऊं लागलें. पुढें ग्वाल्हेरजवळील तिगरा व म्हैसुरांतील कृष्णराजसागर या धरणांवरहि ही योजना करण्यांत आली. मध्यरात्रीं पूर आला तरी कोणास धांवत जाऊन दार उघडावें लागूं नये, हाच यांतील हेतु.

तथापि याच खडकवासल्याच्या कथेंत दुसराहि एक धडा आहे. १२ जुलै १९६१ रोजीं वरच्या बाजूचें पानशेत धरण फुटलें, आणि त्या लोंढ्यापुढें खडकवासल्याचा जुना बांधहि टिकला नाहीं. पुण्यांत हाहाकार उडाला. प्रत्येक योजनेस तिची मर्यादा असते. त्या मर्यादेपलीकडचें पाणी आलें तर काय, हा प्रश्न आधींच विचारून ठेवावा लागतो. आपल्या पिंपापुरतें याचें उत्तर सोपें आहे. व्हॅक्युम क्लीनरमध्यें मुळांतच एक गोळा असतो. पिंप भरत आलें कीं तो वर येऊन हवेचा मार्ग बंद करतो व पाणी पंख्याच्या मोटरींत जाऊं देत नाहीं. नवीन पंप बसवितांना हा जुना गोळा कोणी काढून टाकूं नये. नवा पहारेकरी कधीं चुकला, तर हाच शेवटचा.

यापुढील सूचना विशेषतः पालकांसाठीं आहे. वीज आणि पाणी यांची गांठ पडते तेथें चुकीस क्षमा नाहीं. पाणी सांचलेल्या खोलींत पाऊल टाकण्यापूर्वीं तेथील विजेचा प्रवाह मुख्य बटणावरून बंद करावा. मात्र त्या बटणापाशींच पाणी असेल, तर त्यास हात न लावतां वीज खात्याच्या माणसास बोलवावें. यंत्रास भूसंबंध म्हणजे अर्थिंग असावें, आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर प्रवाह तोडणारें आरसीसीबी अवश्य असावें. प्लग व जोडतारा पाण्यापासून उंच ठेवाव्या. जोडणी परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावी. मुलांनीं गणित करावें, आकृति काढावी, गोळ्याचा प्रयोग बादलींत करून पाहावा. पण वीज असलेल्या यंत्रास हात लावूं नये. धान्याचें पोतें पुनः मिळेल, लेंकरूं मिळणार नाहीं.

शेवटीं, उपसलेलें पाणी सोडावयाचें कोठें? तें शेजाऱ्याच्या दारांत सोडणें म्हणजे आपलें संकट दुसऱ्याच्या घरीं पोंचविणें होय. आपल्याच नांदेड जिल्ह्यांत, हिमायतनगर तालुक्यांतील टेंभुर्णी या गांवानें घरोघर शोषखड्डे करून सांडपाणी जमिनींत जिरविलें. त्यामुळें उघडीं गटारें व डांस यांचा त्रास गेला, आणि इतर गांवांनींहि त्याचा कित्ता गिरविला. झडीच्या दिवसांत काळी जमीन पाण्यानें तुडुंब झालेली असते, तेव्हां खड्डा फारसें पाणी घेणार नाहीं. म्हणून उताराकडे जाणारा एक चरहि आधींच खणून ठेवावा. शिवाय हा खड्डा घराच्या पायापासून पुरेसा दूर असावा, नाहीं तर तेंच पाणी झिरपून पुनः तळघरांत येईल, आणि आपला पंप रात्रभर एकच पाणी फिरवीत बसेल!

असो. शुभवर्तमानांतील दहा कुमारींचा दृष्टांत आपण शाळेंत ऐकतों. झोप दहाही जणींस लागली होती. पांच शहाण्या ठरल्या त्या जागत राहिल्यामुळें नव्हे, तर झोपण्यापूर्वींच तेलाची तजवीज करून ठेवल्यामुळें. मनुष्यास झोप येणारच. तो दोष नव्हे. दोष आहे तो पाऊस येण्यापूर्वीं तजवीज न करण्यांत. या उन्हाळ्याच्या सुटींत आपल्या घराचा उतार कोणीकडे आहे, पाणी कोठून शिरतें आणि कोठून बाहेर जाऊं शकेल, एवढें जरी प्रत्येक विद्यार्थ्यानें वडिलांसह पाहून ठेवलें, तरी हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें वाटेल.