अंतर आणि विस्थापन : नववीच्या वर्गातील दोन तास

आमचा विषय इतिहास. तथापि विज्ञानाचे शिक्षक रजेवर असले की नववीचा तास आमच्याकडे येई, व आदल्या रात्री वाचून आम्ही तो घेत असू. अंतर आणि विस्थापन शिकविताना आम्ही आपल्या प्रांगणाचाच आधार घेतला. समजा, एक विद्यार्थी वसतिगृहातून पूर्वेस ६० मीटर चालून विहारापाशी आला आणि तेथून काटकोनात वळून उत्तरेस ८० मीटरवरील भोजनगृहात पोहोचला. त्याने कापलेले अंतर १४० मीटर. वसतिगृहापासून भोजनगृहापर्यंत सरळ दोरी ताणली, तर पायथागोरसच्या प्रमेयानुसार ती १०० मीटर भरते. हे त्याचे विस्थापन. त्यास दिशाही सांगावी लागते. म्हणून अंतर ही अदिश राशी, विस्थापन ही सदिश. जेवून तो आल्या वाटेने परतला, तर अंतर २८० मीटर आणि विस्थापन शून्य.

शून्य म्हणताच मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे आईवडील बीडकडील ऊसतोड कामगार. "सर, आईबाबा दिवाळीनंतर कोल्हापूरकडं उसाला जातात, पट्टा पडला की गावी येतात. मग त्यांचं विस्थापन शून्यच का?"

आम्ही 'होय' म्हणालो. घंटा झाली. उत्तर चूक नव्हते, पण अपुरे होते, व ते रात्रभर आम्हांस टोचत राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तास मागून घेतला. विस्थापन नेहमी दोन क्षणांमधले असते. कार्तिकात घर सोडल्याचा आणि चैत्रात परतल्याचा क्षण घेतला, तर ते शून्य. त्या काळातील सरासरी वेगही शून्य. अंतर मात्र कधी उणे होत नाही. ट्रकचा प्रवास, फडातील प्रत्येक सरी, डोक्यावर मोळी घेऊन टाकलेले प्रत्येक पाऊल त्यात मिळतच जाते. इतिहासात आम्ही ज्यांस विस्थापित म्हणतो, त्या धरणग्रस्तांची गोष्ट याहून निराळी. कोयनेच्या जलाशयाखाली ज्यांची गावे गेली, त्यांना परतावयास आरंभबिंदूच उरला नाही. शब्द एकच, अर्थ दोन. आम्हीच ते आदल्या दिवशी वेगळे करून सांगावयास हवे होते.

"मग आज किती?" मुलाने विचारले. पौष चालू होता. आम्ही भिंतीवरचा नकाशा उतरवून बाकावर पसरला. १ सेंटिमीटरला २५ किलोमीटर असे त्याचे प्रमाण. त्याने बीडवर पट्टीचे टोक ठेवले, कोल्हापूरवर बोट. बारा सेंटिमीटर भरले.

"३०० किलोमीटर," तो म्हणाला, आणि आम्ही विचारण्याआधीच दिशा सांगितली, "नैर्ऋत्य."