बाप्तिस्मा आणि पहिल्या कम्युनियनच्या मधली वर्षे

नंदाखाल

चि. भाचीस,

लहान मुले असलेल्या कुटुंबांशी धर्मग्रामाचे नाते बाप्तिस्म्याने जुळते आणि पुष्कळदा त्या दिवशीच्या जेवणावळीबरोबर सुटते. १९८३ च्या धर्मविधान संहितेचे ८६७ वे कलम आईवडिलांना सांगते, की मुलाला पहिल्या काही आठवड्यांतच बाप्तिस्मा द्यावा. पुढचा मोठा टप्पा पहिल्या कम्युनियनचा. पोप दहावे पायस यांनी १९१० साली त्यासाठी सुमारे सात हे वय धरले. मधल्या सात-आठ वर्षांत धर्मग्राम त्या घराकडे काही मागत नाही आणि त्याला फारसे काही देतही नाही. घराला सर्वांत जड जाणारी वर्षेही हीच. अपुरी झोप, मुलाची आजारपणे, कर्जाचे हप्ते, नवराबायकोतले नवे ताण हे सगळे याच काळात एकावर एक येते. धर्मग्रामाच्या परिषदेवर नव्याने गेलेल्या व्यक्तीने आपले काम इथून सुरू करावे. नाताळचा गोठा आणि सणाचा मंडप सांभाळायला माणसे नेहमीच मिळतात.

नंदाखालचे पवित्र आत्म्याचे चर्च १५७३ सालचे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या स्वारीने वसईतला पोर्तुगीज अंमल संपला, तरी श्रद्धा टिकली. त्याचे मोठे श्रेय घरांना जाते. संध्याकाळची जपमाळ, आळीतल्या क्रूसापुढची प्रार्थना, आजीने नातवाचा हात धरून शिकवलेली क्रूसाची खूण ही धर्मशिक्षणाची पहिली शाळा होती. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कुटुंबाला घरातले चर्च म्हटले. वसईच्या गावांत हे शब्द पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून घरे तशी चालत होती.

त्या घराचा आधार मात्र आता पातळ झाला आहे. केळीच्या, पानवेलींच्या आणि फुलांच्या वाडीत मूल आईच्या नजरेसमोर वाढे. ती कामात असताना आजी, काकू, आत्या असत. आज आई आणि वडील दोघेही विरार किंवा नालासोपाऱ्याहून लोकल पकडतात. विरार ते चर्चगेट हे अंतर साठ किलोमीटरचे, आणि रोजचे कित्येक तास त्यातच जातात. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीपासून नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. भाजी-फुले विकणाऱ्या आणि वाडीत राबणाऱ्या आईला तीही नाही. विरार-नालासोपाऱ्याच्या नव्या इमारतींत मंगळूर, गोवा, केरळहून आलेली तरुण जोडपी राहतात. त्यांच्याजवळ आजीही नाही आणि आळीही नाही. रविवारी उशिरा येऊन मागच्या दाराशी उभे राहणारे कुटुंब बेफिकीर असते असे समजणे चूक आहे. बहुधा ते दमलेले असते.

काम बाप्तिस्म्याच्या आधीपासून सुरू व्हावे. आईला दिवस गेल्याचे कळले, की आळीतल्या एका अनुभवी जोडप्याने घरी जावे. बाळंतपणापूर्वी आणि नंतर आईला देण्याचे आशीर्वाद चर्चच्या १९८४ च्या आशीर्वादविधींच्या पुस्तकात आहेत. ते मागण्याची सवय नाही, म्हणून धर्मग्रामानेच आपणहून सुचवावे. बाप्तिस्म्याचा अर्ज भरण्याची वेळ ही चौकशीची वेळ होऊ नये. आईवडिलांपैकी एकाच्या संमतीखेरीज ८६८ व्या कलमाची अपेक्षा आहे ती मूल कॅथोलिक धर्मात वाढवले जाईल अशी साधार आशा असावी, एवढीच. आईवडिलांच्या लग्नाची गुंतागुंत, मिश्र विवाह किंवा एकटी आई ही दार लावून घेण्याची कारणे नाहीत. अर्ज घेणाऱ्याचा आवाज कसा होता, हे आईवडील वर्षानुवर्षे विसरत नाहीत.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यांत आईला काय लागते, हे गावातल्या बायकांना शिकवावे लागत नाही. तयार जेवण, तासभर मूल सांभाळणारे हात आणि सल्ला न देता ऐकून घेणारे माणूस. एक गोष्ट मात्र त्यांनाही सांगायला हवी. काही आयांना बाळंतपणानंतर खोल उदासी येते, आणि ती उपवासाने किंवा नुसत्या प्रार्थनेने जात नाही. अशा आईला डॉक्टरकडे न्यावे. प्रार्थना सोबत असावीच, पण उपचाराच्या जागी ती ठेवू नये. ज्या घरात गर्भ टिकला नाही किंवा मूल दगावले, तिथेही जावे. अशा घरांना धर्मग्रामाकडून बहुतेक वेळा शांतताच मिळते. काय बोलावे ते लोकांना सुचत नाही, म्हणून ते जातच नाहीत. गेलेल्याने काही बोलले नाही तरी चालते.

रविवारच्या मिस्सेचा प्रश्न सर्वांत वादाचा, म्हणून त्याला अधिक जागा द्यावी लागते. मुलाने रडायला सुरुवात केली की माना वळतात. आई उठून बाहेर जाते आणि हळूहळू यायचीच थांबते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात शिष्य मुलांना आणणाऱ्यांना दटावतात, तेव्हा येशू शिष्यांवर रागावतो. मुलांवर किंवा त्यांना आणणाऱ्यांवर नाही. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१४ मध्ये सिस्टाइन चॅपेलमध्ये बाळांना बाप्तिस्मा देताना आयांना सांगितले होते, की बाळ भुकेले असेल तर तिथेच निःसंकोचपणे पाजावे. जे सिस्टाइन चॅपेलमध्ये चालते ते नंदाखालला चालायला हरकत नसावी. ज्या आईला आडोसा हवा असेल तिच्यासाठी चर्चलगतची एखादी खोली हिरकणी कक्ष म्हणून ठेवावी. महाराष्ट्रात एसटी स्थानकांवर अशी सोय झालीच आहे. तिथे पंखा, खुर्ची, लंगोट बदलायला फळी आणि वेदीवरचा आवाज ऐकू येईल असा स्पीकर असावा. पण तिथे बसण्याची सक्ती कोणावरही नको. काचेआड बसवलेले कुटुंब आपल्याला बाजूला काढले असेच समजते.

बाकांची रचनाही विचारात घ्यावी. रीतीने लहान मुले मागे बसवली जातात. तिथून त्यांना फक्त मोठ्यांच्या पाठी दिसतात, आणि कंटाळलेले मूल दंगा करतेच. पुढच्या दोन-तीन रांगांत बसलेल्या मुलाला वेदी, मेणबत्त्या, धर्मगुरूंचे हात, धूप दिसतो. पाहायला काही असले की तेच मूल पुष्कळ वेळ गप्प बसते.

चर्चने लहान मुलांसाठी नियमांतच जागा ठेवली आहे, आणि ती किती मोठी आहे हे फार थोड्यांना माहीत असते. व्हॅटिकनने १ नोव्हेंबर १९७३ रोजी मुलांसह होणाऱ्या मिस्सेविषयी मार्गदर्शिका काढली. मिस्सेत भाग घेऊ न शकणाऱ्या अगदी लहान मुलांना धर्मग्रामाच्या मदतनिसांनी दुसऱ्या जागी सांभाळावे आणि शेवटी सर्वांबरोबर आशीर्वादासाठी आत आणावे, असे तिच्यात सुचवले आहे. थोड्या मोठ्या मुलांसाठी वाचने आणि प्रवचन जवळच्या खोलीत वेगळे घेऊन अर्पणविधीपूर्वी त्यांना आईवडिलांजवळ परत आणता येते. मुलांच्या मिस्सेत शुभवर्तमानानंतर धर्मगुरूंच्या संमतीने एखाद्या प्रौढाने मुलांशी बोलावे, अशीही मोकळीक आहे, विशेषतः धर्मगुरूंना मुलांच्या पातळीवर बोलणे अवघड जात असेल तेव्हा. मुलांच्या मिस्सेसाठी तीन वेगळ्या ख्रिस्तप्रसादीय प्रार्थनाही १९७४ मध्ये आल्या. हे सारे पन्नास वर्षांपूर्वीचे आहे. नव्याने कोणाची परवानगी काढायला नको, मदतनीस उभे करायला हवेत.

त्या मदतनिसांबाबत एक अट ढिली करू नये. कोणताही प्रौढ एकट्या मुलासोबत बंद खोलीत नसावा. दोन मोठी माणसे, उघडे दार, आणि कोणाच्या ताब्यात कोणते मूल दिले याची नोंद हवी. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकाला बंधनकारक आहे, आणि चर्चचे आवार त्याला अपवाद नाही. ओळखीचे, चांगल्या घरचे माणूस म्हणून सूट देणे हाच इथला सर्वांत मोठा धोका.

भाषेचीही एक अडचण आहे. उत्तर वसईतले मूल घरी सामवेदी म्हणजे कुपारी बोली बोलते, शाळेत इंग्रजी ऐकते आणि चर्चमध्ये मराठी. चार वर्षांच्या मुलाशी धर्मशिक्षण देणाऱ्याने त्याच्या घरच्या बोलीत बोलावे आणि त्याचा संकोच बाळगू नये. घरी झोपण्यापूर्वी एक गोष्ट वाचायची असेल तर नंदाखालचे सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ हाताशी आहे. त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आहे, आणि त्याची मराठी मोठ्याने वाचायला सोपी आहे.

एवढे करूनही काही कुटुंबे येणार नाहीत. त्यांच्यासाठी आपल्याच पालघर जिल्ह्यातला धडा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. पाड्यावरची मुले बालवाडीत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी पालकांना दोष दिला नाही, बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या सरकारी योजनेने अंगणवाडी हाच शब्द देशभर नेला. धर्मग्रामाला हे जमण्यासारखे आहे, कारण आळीआळीत लहान ख्रिस्ती समूह आहेतच. महिन्याची एक बैठक लहान मुले असलेल्या घरी, मुलांच्या वेळेला, तासाभरात आटोपेल अशी घ्यावी. आईइतकेच वडिलांनाही बोलवावे. चर्चची नोटीस आईने वाचायची आणि मुलाला आईनेच आणायचे, ही सवय मोडल्याशिवाय वडील धर्मग्रामात येणार नाहीत. पोप फ्रान्सिस यांच्या २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रातही लग्नानंतर चर्चपासून दुरावलेली जोडपी मुलाच्या बाप्तिस्म्याला, पहिल्या कम्युनियनला किंवा अंत्यविधीला पुन्हा समोर येतात आणि ती संधी वाया जाते, अशी खंत आहे.

पैशांची अडचण पुढे केली जाईल. चटई, पंखा, फळी आणि स्पीकर यांना मोठा निधी लागत नाही. ज्या समाजात मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने १९१८ साली कॅथोलिक सहकारी बँक उभी राहिली, त्याला हे अवघड नसावे. माणसांचा वेळ मिळणे कठीण आहे, आणि तो आधी मागावा तो निवृत्त आजी-आजोबांकडे.

येत्या आगमनकाळापूर्वी चर्चच्या नोंदवहीतून गेल्या सात वर्षांतल्या बाप्तिस्म्यांची यादी काढावी, ती आळीवार वाटावी आणि त्यातल्या प्रत्येक घरी कोणीतरी एकदा जाऊन यावे. काही मागायला नाही, मूल पाहायला.

तुझा मामा