रिकाम्या चाळींतून

पेण तालुक्यातील आमचे जोहे हे गणपतीच्या मूर्ती घडविणाऱ्यांचे गाव. 2025 सालच्या श्रावणात एका कारागिरासोबत मूर्ती पोहोचविण्यास मी मुंबईस गेलो. काम आटोपताच माझे पाय वरळीच्या बीडीडी चाळींकडे वळले. लहानपणी सुटीत मी तेथे मामांकडे राहत असे. मामा गिरणीत कामाला होते.

1920 नंतरच्या दशकात मुंबई विकास विभागाने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून 207 चाळी बांधल्या. प्रत्येक चाळीत तळमजला धरून चार मजले, एकंदर 80 खोल्या. प्रत्येक खोली अवघी 160 चौरस फूट! मामांच्या खोलीत आम्ही नऊ जण दाटीवाटीने निजत असू.

शंभरी गाठलेल्या या चाळींच्या जागी आता उंच इमारती उभ्या राहत आहेत. त्याच ऑगस्ट महिन्यात वरळीतील पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या होत्या. मी शिरलो त्या जुन्या चाळीत मात्र सामसूम होती. दारांना कुलपे होती. भिंतीवर जुन्या दिनदर्शिकेचा खिळा तेवढा उरला होता. ज्या व्हरांड्यात पाऊल ठेवण्यास जागा नसे, तेथे माझ्याच पावलांचा आवाज घुमत होता.

एका उघड्या दारात एक वृद्ध गृहस्थ बसले होते. मी विचारले, “चाळ सोडताना वाईट वाटते का?”

ते म्हणाले, “गुरुजी, नवे घर हवेच. शौचालयापुढे रांगेत उभे राहण्यात जन्म गेला. परंतु येथे कोणी आजारी पडले, तर न बोलावता दहा माणसे धावत. तेथे दारे बंद राहिली, तर मोठ्या घराचा काय उपयोग?”

परतताना मला आमचे कारखाने आठवले. साचा झिजला म्हणजे कारागीर नवा साचा करतो. हातातील कसब मात्र टाकून देत नाही. शेजारधर्म हे चाळकऱ्यांचे कसब होय. जुन्या भिंती पडोत. ते कसब नव्या घरी गेले पाहिजे.

स्वाध्याय
1. वृद्ध गृहस्थांना नवे घर का हवे होते? त्यांना चिंता कशाची वाटत होती?
2. लेखकाने शेजारधर्माला ‘कसब’ का म्हटले आहे?
3. ‘माझे शेजारी’ या विषयावर दहा ओळी लिहा.