ठसे कोरणाऱ्या नवशिक्यांसाठी : तिरप्या धारेची पटाशी

कापडावर हाताने ठसा मारून छपाई करण्याचे काम राजस्थानातील बगरू, सांगानेर येथे आजही चालते. गुजरातमधील गांधीनगरजवळचे पेथापूर तर ठसे कोरण्यासाठीच मशहूर आहे. लाकूड बहुधा सागवान किंवा शिसम. ठशातील कोयरीचे टोक तुटले, तर अख्ख्या ठाणात तेच तुटके टोक उमटते आणि गिऱ्हाईक माल बाजूला सारतो. हे टोक वाचवणारे हत्यार म्हणजे तिरप्या धारेची पटाशी.

साध्या पटाशीची धार काटकोनात सरळ असते. हिची सुमारे २० ते ३० अंश तिरपी असते. त्यामुळे तिचे पुढचे टोक अशा कोपऱ्यात शिरते, जिथे सरळ पटाशी अडते. दुसरे असे की ती लाकूड ढकलत नाही, चिरत जाते. टोमॅटोवर सुरी नुसती दाबली तर तो चेपतो, सरकवली तर सफाईने कापला जातो, तसेच हे.

सरावाला सागाचा तुकडा शिकंज्यात पक्का आवळा. दोन्ही हात धारेच्या मागेच हवेत. आधी नक्षीच्या रेघेलगत बाहेरच्या बाजूने पटाशीच्या टोकाने खाच पाडा, मग बाहेरून तिरपा घाव घेत त्या खाचेपर्यंत या. चिपळी आपोआप सुटते. खाच न पाडता घाव घातला तर चीर थेट नक्षीत शिरते.

उरलेल्या रेघेची भिंत पायथ्याशी किंचित रुंद ठेवा. आतून पोखरली गेली तर छपाईच्या दाबाखाली मोडेल. पण फार पसरटही नको, कारण ठसा झिजला की रेघ जाड उमटू लागते. आम्हा कापडवाल्यांच्या डोळ्यांना हे लगेच खटकते.

कोयरीच्या वळणावर लाकडाच्या रेषांच्या तुलनेत घावाची दिशा बदलते. लाकूड फाटू लागले की जोर वाढवू नका. उलट बाजूने कापा. यासाठी उजव्या आणि डाव्या तिरपेपणाच्या दोन पटाश्या घ्याव्यात. दोन्ही अंगांना उतार असलेली एकच पटाशीही चालते, मात्र तिचे दोन्ही उतार सारखे घासावे लागतात.

घासताना तिरपी धारच दगडाला समांतर टेकवा. घाईत पुढचे टोक गोल होते, आणि मग ही पटाशी घेण्यात मतलब राहत नाही. शेवटी चामड्यावर दोन्ही बाजू मागे ओढून धारेवरची कड काढा. रद्दी कागद हातात धरून चिरून पाहा. कागद अडकला तर परत दगडावर.