रक्ताचाच डिंक: शस्त्रक्रियेतील रक्तस्राव कसा थांबवतात?



ऊस तोडताना कोयत्याने बोट कापले तर आपण काय करतो? स्वच्छ फडके दाबून धरतो. पाच-दहा मिनिटांत रक्त थांबते. पण कोणी झाडावरून पडला आणि पोटात यकृत फाटले, तर? यकृत मऊ असते. टाका घालावा तर दोराच त्याला चिरत जातो, आणि फाटलेल्या भागातून रक्त पाझरत राहते. अशा वेळी डॉक्टरांच्या हाती आज एक साधन आहे. त्याला फायब्रिनचा डिंक म्हणता येईल.

रक्त कसे गोठते?

रक्तातील पेशी बाजूला केल्या की जो पिवळसर पातळ भाग उरतो, तो रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा. त्यात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन विरघळलेले असते. ते यकृतात तयार होते. एका लिटर रक्तद्रवात ते साधारण २ ते ४ ग्रॅम असते. जखम झाली की थ्रॉम्बिन नावाचा दुसरा पदार्थ जागा होतो आणि फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे चिवट तंतू बनवतो. त्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात व गुठळी बनते.

हे तंतू डोळ्यांनी पाहता येतात. सोरपोतेलसाठी डुकराचे ताजे रक्त धरून ते काठीने ढवळत राहिले, तर काठीला पांढरट दोरे गुंडाळले जातात, आणि खालचे रक्त पातळच राहते. ते दोरे म्हणजेच फायब्रिन.

डिंक कसा असतो?

फुटलेला पाइप सांधायला दोन नळ्यांचा डिंक मिळतो. दोन्ही एकत्र केल्यावरच तो घट्ट होतो. येथेही तसेच आहे. एका सिरिंजमध्ये घट्ट केलेले फायब्रिनोजेन, दुसरीत थ्रॉम्बिन व कॅल्शियम. दोन्ही एकाच टोकातून जखमेवर सोडतात. थोड्याच वेळात पातळ थर धरतो. पुढे जखम भरत आली की शरीर तो हळूहळू विरघळवून टाकते. टाके काढावे तसा तो काढावा लागत नाही.

हे ज्ञान एका दिवसात आले नाही. १९०९ साली बर्गेल यांनी रक्तस्राव थांबवण्यासाठी फायब्रिनची पूड वापरली. १९४४ साली क्रॉन्काइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी फायब्रिनोजेन व थ्रॉम्बिन एकत्र करून भाजलेल्यांच्या अंगावर कातडीचे तुकडे चिकटवले. पण फायब्रिनोजेन विरळ असल्याने पकड कच्ची राहिली. १९७२ मध्ये व्हिएन्ना येथे हेलेने मात्रास यांनी घट्ट केलेले फायब्रिनोजेन वापरले, आणि खरा मार्ग सापडला. मात्र अनेकांच्या रक्तद्रवातून कावीळ पसरण्याचे भय होते. दात्यांच्या रक्ताची तपासणी आणि विषाणू मारण्याच्या पद्धती सुधारल्यावर १९९८ मध्ये अमेरिकेनेही असा तयार डिंक मान्य केला. आज धोका फार कमी आहे, पण अगदी शून्य नाही.

पूर्वी गाईबैलांच्या रक्तातील थ्रॉम्बिन वापरीत. त्याविरुद्ध काही रोग्यांच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होत, आणि ती रोग्याच्याच गोठण्याच्या क्रियेला अडथळा करीत. म्हणून पुढे अशा डिंकात माणसाच्या रक्तातील थ्रॉम्बिन वापरण्याकडे कल झाला.

हा डिंक काय करू शकत नाही?

तो पाझर थांबवतो. पाट थांबवीत नाही. मोठी धमनी तुटली असेल तर ती बांधलीच पाहिजे. जोराच्या धारेपुढे डिंक वाहून जातो. तो रक्तवाहिनीच्या आत गेला तर तेथेच गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. म्हणून तो वरूनच, जाणत्या हातानेच लावायचा असतो. आणि वाहून गेलेले रक्त तो भरून देत नाही. त्यासाठी रक्ताची बाटलीच लागते.

घरात कोणाचे ऑपरेशन ठरले तर

१. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. भीतीने ती लपवू नका, आणि स्वतःच्या मनाने बंदही करू नका. हृदयाच्या रोग्याला अचानक बंद केलेली गोळी घातक ठरू शकते.

२. झाडपाल्याचे औषध घेत असाल तर तेही सांगा.

३. दात काढल्यावर, सुंता केल्यावर किंवा बाळंतपणात घरातील कोणाचे रक्त लवकर थांबले नव्हते का, ते आठवून सांगा. आईच्या भावांची माहिती विशेष विचारा. हिमोफिलिया बहुधा आईकडून मुलाकडे येतो.

४. पूर्वी रक्त किंवा रक्तापासून केलेले औषध घेताना अंगावर गांधी उठल्या किंवा दम लागला असेल, तर तेही सांगा.

ही चार वाक्ये सांगायला पैसे लागत नाहीत. न सांगितल्यास मात्र उत्तम डिंकही कमी पडू शकतो.

शेवटी एक गोष्ट. या डिंकातील फायब्रिनोजेन कोणा माणसाने दिलेल्या रक्तद्रवातूनच येते. १८ ते ६५ वयाच्या, किमान ४५ किलो वजनाच्या निरोगी माणसाला रक्त देता येते; पुरुषांनी तीन महिन्यांनी, स्त्रियांनी चार महिन्यांनी. रक्त विकणे आपल्या देशात १९९८ पासून बंद आहे. आता ते केवळ दानातूनच मिळते. सुगी आटोपली की जवळच्या रक्तपेढीत एकदा जाऊन यावे.