बी.एस्सी. झाल्यावर पुन्हा अभ्यासिकेत कशाला?

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की बीड, गेवराई, केज, अंबाजोगाईकडून येणारे प्रश्न ठरलेले असतात. नीटला मार्क कमी पडले, लातूरला रिपीट करू का? ॲग्रीला नंबर लागतोय, ते घेऊन एमपीएससी करता येईल का? पहिल्याचं उत्तर थोडक्यात देतो. २०२४ साली नीटला २३ लाखांहून जास्त मुलं बसली आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत होत्या. त्यातल्या जवळपास निम्म्या खासगी कॉलेजांच्या, आणि तिथली फी शेतीवर किंवा ऊसतोडीच्या उचलीवर चालणाऱ्या घराला झेपणारी नाही. थोडक्यात हुकलेल्या मुलाने एकदा रिपीट करावं. शंभर-दीडशे मार्कांनी मागे राहिलेल्याला पुन्हा लातूरला पाठवणं म्हणजे त्याचं वर्ष आणि तुमची बचत दोन्ही घालवणं. दुसऱ्या प्रश्नावर मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण तो विचारतानाच चार वर्षांची पदवी न वापरण्याचं घरात ठरलेलं असतं.

कृषी किंवा उद्यानविद्येची पदवी ही स्पर्धा परीक्षेला बसण्यापुरती, असं मराठवाड्यात आता सर्रास धरलं जातं. मुलगा परभणीला वसंतराव नाईक कृषी विद्यापीठात चार वर्षं माती, पाणी, कलमं, कीडरोग शिकतो आणि पदवी हातात पडली की पुण्यात येऊन अभ्यासिकेत खुर्ची भाड्याने घेतो. जाहिरात लांबते, परीक्षा पुढे जाते, वय वाढतं, शिकलेलं विसरत जातं आणि घरून दर महिन्याला पैसे येत राहतात. त्याच पुण्यात हिंजवडी-खराडीच्या आयटी पार्कांना, मोठ्या टाउनशिपना, हॉस्पिटलांना आणि हॉटेलांना हॉर्टिकल्चर मॅनेजर लागतो. ही मागणी कोणाच्या हौसेवर अवलंबून नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या विकासात १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. २०,००० चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, तिच्या अटींमध्ये झाडं येतात. शहरात झाड तोडायचं तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी आणि बदल्यात लागवड. झाडं लावून बिल्डर निघून जातो, पण पुढची वीस-तीस वर्षं ती जगवावी लागतात आणि ती जगवणाऱ्याला पगार द्यावा लागतो.

हे काम नेमकं काय असतं ते पालकांनी नीट समजून घ्यावं. आजकालच्या सोसायटीतली बाग बहुतेकदा जमिनीवर नसते, ती पार्किंगच्या स्लॅबवर असते. तिथे माती किती खोल टाकायची, ओल्या मातीचं वजन स्लॅबला पेलेल का, पाण्याचा निचरा कुठून होणार, कोणत्या झाडाची मुळं वॉटरप्रूफिंग फोडतील, हे सगळं लागवडीआधी ठरवावं लागतं. बागेला पाणी बहुधा सांडपाणी प्रकल्पातून येतं. त्यातल्या क्षारांनी ड्रिपर चोंदतात आणि पानांच्या कडा करपतात. ते पाण्याने झालंय की रोगाने, हे ओळखायला शिक्षण लागतं. आता लॉनचा हिशेब पाहा. उन्हाळ्यात एका चौरस मीटरला दिवसाला पाचेक लिटर पाणी धरलं तर एका एकराला वीस हजार लिटर, म्हणजे दहा हजारांचे दोन टँकर रोज. पुण्याच्या कंपनीत बसलेल्या साहेबाला हा आकडा कागदावर दिसतो. आष्टी-पाटोद्याच्या मुलाने मात्र टँकरमागे लागलेली रांग पाहिलेली असते. लॉन कमी करून तिथे कमी पाण्याची झुडपं लावा, करंज, बहावा, कडुनिंब, कांचन लावा, असं तो ठामपणे आणि हिशेबासह सांगू शकतो. दुष्काळी भागात वाढणं ही या धंद्यात खरीखुरी पात्रता आहे, आणि तिची किंमत आपल्याच लोकांनी अजून केलेली नाही.

यावर पहिली हरकत ठरलेली: ‘पोराला शिकवून माळीकाम करायला लावायचं का?’ माळीकामाला कमी लेखणं मला मुळातच मान्य नाही. पण मॅनेजरचं काम त्याच्या पुढचं आहे. निविदा वाचणं, दर काढणं, उरुळी कांचन-सोरतापवाडीच्या नर्सरीतून रोपं निवडून आणणं, वीस-तीस माणसांची हजेरी आणि सुरक्षा सांभाळणं, मेलेल्या झाडांची बदली कोणाच्या खर्चाने होणार हे करारात आधीच लिहून घेणं, अशी सगळी जबाबदारी त्याच्यावर असते. दुसरी हरकत पगाराची, आणि ती खोटी नाही. सुरुवात बेताच्या पगारावर होते, पहिली दोन-तीन वर्षं उन्हात साइटवर जातात आणि सरकारी नोकरीसारखी हमी कोणी देत नाही. परंतु तुलना खऱ्या पर्यायाशी करा. समोर ठेवायचा तो नियुक्तीपत्र मिळालेला अधिकारी नव्हे, तिशीला टेकलेला आणि अनुभव शून्य असलेला उमेदवार. संख्येने तेच जास्त आहेत. तिसरी हरकत, हे काम बीडमध्ये कुठे आहे? आज फारसं नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. पाच-सात वर्षं पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात काढावी लागतील. त्यानंतर स्वतःची फर्म काढून देखभालीची कंत्राटं घेता येतात, आणि त्यासाठी लागणारं भांडवल दवाखाना किंवा कारखाना काढण्यापेक्षा पुष्कळ कमी असतं. राहिला लग्नाचा प्रश्न. ‘नोकरी सरकारी नाही’ म्हणून स्थळं परत जातात हे खरं आहे. पण ती अट आपणच पालकांनी घातली आहे, तिची शिक्षा मुलांना देऊ नका. मुलींना तर ‘साइटवर कशी जाणार’ म्हणून तुम्ही आधीच अडवता. ज्या जिल्ह्यातल्या बाया कोयता घेऊन कारखान्यांवर जातात, तिथे ही शंका शोभत नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये बीडजवळ पालवणच्या सह्याद्री देवराईत वृक्षसंमेलन भरलं आणि अध्यक्षपद वडाला दिलं गेलं. उघड्या माळावर झाडं जगवता येतात हे या जिल्ह्याने दाखवलं आहे. अंबाजोगाईला सीताफळ संशोधन केंद्र आहे, बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फळझाडांचा वारसा आपल्याकडे आहे. तो शहरातल्या कामाला जोडायचं राहिलंय. बारावी सायन्सनंतर सीईटीतून उद्यानविद्येच्या चार वर्षांच्या पदवीला जाता येतं. कृषीची पदवी घेतली तरी चालेल, फक्त फ्लोरिकल्चर आणि लँडस्केपिंग हा विषय जीव लावून शिकावा आणि सुट्ट्यांत नर्सरीत किंवा साइटवर काम करावं. ऑटोकॅड, एक्सेल आणि कामापुरतं इंग्रजी एवढं वेगळं शिकावं लागेल. ज्यांची पदवी आधीच झाली आहे आणि जे तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाच्या तयारीत आहेत, त्यांच्या आई-वडिलांना माझी एकच विनंती आहे: पुढच्या महिन्याचे अभ्यासिकेचे पैसे पाठवण्याआधी मुलाला एखाद्या लँडस्केप कंपनीत सहा महिने उमेदवारी करू द्या, आणि ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न त्या सहा महिन्यांत घरात काढू नका.